ओटीतले वाल

रोवण्याचे दिवस म्हणजे बायांच्या पायांची वाट लागण्याचे दिवस. शामकलाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. रोज संध्याकाळी ती त्यांवर तेल-हळद चोळायची आणि रोज सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायची. त्या दिवशी दुपार कलली होती. अकरा बाया धानाच्या बांधीत, चिखल केलेल्या वाफ्यात, ओळीनं वाकून रोवत होत्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंढी, उजव्या हातानं चिखलात खोचायचं आणि एक पाऊल मागं सरायचं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. शामकला मात्र रोवत नव्हती. ती पऱ्हे उपटत होती, पेंढ्या बांधत होती आणि बायांच्या मागं नेऊन टाकत होती. स्वतःच्या बांधीत गेल्या सव्वीस वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं एक काडी रोवली नव्हती. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा हात जड होता.

हात जड असल्याचा शोध लागला तो वालांवरून. सडक अर्जुनीपासून आत सात किलोमीटरवर बिसेनांची आठ-दहा घरं आहेत, आणि त्या घरांत, त्यांच्या सोयऱ्यांत, वालाचा मोठा मान. प्रत्येक घराचा आपला वाल. शामकलाच्या सासरचा काळाभोर, पाठीवर पांढरी कड असलेला. दर हिवाळ्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, वेलांचा वाल वाळवून घरात यायचा, बियाण्यापुरता राखेत कालवून वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचा, तुंब्याचं तोंड शेणानं लिंपायचं आणि तुंबा मयालीला, छताच्या तुळईला, टांगायचा. उरलेला खायचा, आणि तो होळीपर्यंत संपायचा. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळासोबत घरचे वाल घालायचे. तिनं ते पहिल्या आषाढात सासरच्या धुऱ्यावर पेरायचे. कोंब वर आला की सून रुजली म्हणायचं.

शामकलाचे नव्हते आले. एकही नाही. आता वाल न उगवण्याचा आणि बाईच्या हाताचा काय संबंध, असं विचारणारं शहाणं माणूस तेव्हा त्या घरात नव्हतं आणि पुढंही कोणी निपजलं नाही. सासूनं, म्हणजे कुंताबाईनं, धुऱ्यावर उभं राहून चार बायांदेखत सांगून टाकलं होतं की पोरीचा हात जड आहे, बियाण्याला लावू देऊ नका. झालं. पेरणीला नाही, रोवण्याला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही. सुरुवातीला शामकला रडायची. मग सवय झाली. माणसाला काय, कशाचीही सवय होते.

रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि लगेच वळून निघून गेल्याचाही. शामकलानं कंबर सरळ केली. धुऱ्यावरून साडी पोटऱ्यांपर्यंत धरून रेणू येत होती. तिची थोरली. वैशाखात लग्न होऊन सालेकशाकडे, कचारगडच्या अंगाला दिलेली.

"जावाई कुठं गेले व?" शामकलानं विचारलं.

"गेले."

"पानीबी नाई पेले?"

 रेणूनं काखेतली कापडाची पुरचुंडी काढून आईच्या चिखलाच्या हातात ठेवली. शामकलानं गाठ न सोडताच ओळखलं. आत वाल होते.

"सासूनं वापस पाठवले," रेणू म्हणाली. "अर्धे पेरले होते. एकबी नाई निंगाला, आई. दोनदा पेरले. म्हने, तुह्या घरचं मेलेलं बियानं तुह्या घरी नेऊन दे."

रोवणाऱ्या बायांचे हात थांबले नव्हते, पण माना इकडं वळल्या होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.  आपला जडपणा आपल्या पोरीच्या हातात उतरला, हीच पहिली गोष्ट शामकलाच्या मनात आली.

घरी आल्यावर रेणू चुलीपुढं बसून सगळं बोलली. सासू, ओमेश्वरीबाई, वाईट नव्हती म्हणे, मारझोड काही नाही. पण वाल उगवले नाहीत त्या दिवसापासून रेणूला पऱ्ह्यांना हात लावू दिला नव्हता. रोवण्याला बाकीच्या बाया चिखलात आणि ही धुऱ्यावर पाण्याची बादली घेऊन उभी. गाईचं वासरू मेलं, तर सासू शेजारणीला म्हणाली, आमच्या घरात मेलेलं बियाणं आलं. नवरा काही बोलला नाही. तो वीरेंद्र मुळातच कमी बोलायचा.

"पोळ्याच्या आत वाल पेरता येतेत," शामकला म्हणाली. "आपन दुसरे नेऊन देऊ."

"मी नाई जात आता," रेणू म्हणाली. "तू सव्वीस वर्सं बादली धरली. मी नाई धरत."

हे शब्द शामकलाला चांगलेच लागले. पोरगी खोटं काय बोलली होती? लग्नाला चार महिने नाही झाले आणि पोर माघारी आलेली. लोक आज वालाबद्दल बोलतील, वर्षभरानं कुशीबद्दल बोलतील. पोरीचं घर बसवायचं तर पोळ्याच्या आत तिच्या सासरच्या धुऱ्यावर वाल उगवलेले दिसायला हवेत, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

बुढी कुंताबाई ओसरीत खाटेवर होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, पण कान खणखणीत. शामकलानं तुंब्यातले वाल मागितले. पेरणी झाल्यावर तुंब्यात थोडं बियाणं उरायचंच, कुठं खाडे पडले तर भरायला.

"ते नाई देता येत," बुढी म्हणाली. "ओटीतलं एकदाच देतेत."

पुढं बोलायची सोय नव्हती. शामकला उठून गेली.

दुसरा दिवस रोवण्यातच गेला. तिसऱ्या दिवशी रोवणं संपणार होतं. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बायांना मालकाकडचं जेवण असतं, भात आणि काहीतरी रस्सा. परत आलेले वाल किलोभर तरी होते. उगवत नाहीत ते नाहीत, खायला तर येतील. अन्न काय फेकून द्यायचं? शामकलानं ते रात्री गंजात, मोठ्या पातेल्यात, भिजत घातले.

सकाळी झाकण काढलं तर पाणी काळंशार झालेलं. हे तिला पहिल्यांदा खटकलं. या घरचा वाल असा नव्हता. रात्रभर भिजवला तरी पाण्याला जेमतेम कोऱ्या चहाचा रंग यायचा, दाणा थोडासा फुगायचा आणि साल ताणून बसायची. इथं साली सुरकुतल्या होत्या. दोन दाणे बोटांत धरले तर साल हातात आली.

तिनं पाणी बदललं आणि गंज चुलीवर चढवला. लाकडं ओली, तुराट्या घालून घालून जाळ पेटवावा लागला. हा वाल न्याहारीच्या वेळी चढवावा तेव्हा कुठं दुपारच्या जेवणाला उतरतो, हे तिला पाठ होतं. कुकर निघाले तरी बुढी वाल कुकरमध्ये घालू द्यायची नाही. म्हणून तिनं जाळ नीट लावला, गाईला चारा टाकला, अंगण झाडलं आणि कांदे चिरायला बसली. पाच-सहा कांदे झाले असतील. गंजातून फसफस ऐकू आली. झाकण उचललं तर साली वर तरंगत होत्या आणि दाणे फुटले होते. सराट्यावर एक दाणा घेऊन तिनं बोटात दाबला. त्याचं पिठलं झालं.

शामकला तशीच उभी राहिली. वाफ तोंडावर येत होती तरी तिला सरायचं सुचलं नाही.

लग्नाआधी माहेरी असताना तिनं उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या मिलवर दोन हंगाम मजुरी केली होती. गरम पाण्यातून काढलेला धान तिनं पोत्यांनी पसरला होता, वाळवला होता. वाळल्यावर तो दिसायला पुन्हा धानच, कोणाला कळायचं नाही. पण पेरला तर जन्मात उगवायचा नाही. एकदा वाफ लागलेला दाणा मेलेला असतो, आणि मेलेला दाणा चुलीवर हट्ट करत नाही. हे वाल एकदा उकळत्या पाण्यातून निघालेले होते. तिच्या बोटांना ते तिच्या डोक्याआधी कळलं.

आणि मग तिला आठवलं. रेणूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात पाहुण्यांची दाटी असताना, बुढीनं मधल्या खोलीत उकळतं पाणी मागितलं होतं. चांगलं खदखदतं आण म्हणाली होती. गुडघे शेकायचे असतील म्हणून शामकलानं स्वतः गंज तापवला, स्वतः दोन फडक्यांनी धरून आत नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं.

ती ओसरीत आली. हातात अजून सराटा होता.

"आत्याबाई, रेनूच्या ओटीतल्या वालाले तुमी काय केलं होतं?"

बुढीच्या तोंडात सुपारी होती. तिनं ती एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"लवकर शिजले वाटते," ती म्हणाली.

शामकलाच्या हातातून सराटा खाली पडला. आपण चुकत असू, बुढी भडकेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी गरम पान्यात टाकले?"

"टाकाच लागते. पाच वेळा रामाचं नाव घेतपर्यंत ठेवाचे आन् काढाचे. मंग सावलीत वाळवाचे. उनात वाळवले का सुरकुततेत."

"पन काऊन?"

"काऊन म्हनजे? पोर जाते, ओटी रिकामी पाठवता येत नाई. आन् बियानं तं घरचं हाये. पोरीमागं पोरी जाऊन राहिल्या, सगळ्यांच्या धुऱ्यावर आपला वाल चढला तं आपल्या घरी काय राहिलं? माह्या सासूनं मले सांगतलं, तिच्या सासूनं तिले सांगतलं. मी तुले सांगनारच होती. आचलच्या लग्नात तुह्याच हातानं करून घेतलं असतं."

आचल ही धाकटी, गोंदियात कॉलेजात शिकत होती. 

"आन् पोरीचं काय? तिले तिथं बोलतेत त्याचं?"

"एक-दोन वर्सं बोलनं खाते. मंग सासूचं बियानं पेरते आन् गुमान राहते. त्यानंच घर टिकते." बुढीनं गुडघ्यावरून हात फिरवला. "तुहं नाई टिकलं?"

शामकलाला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तो तोंडातून आपोआप निघाला.

"माह्या ओटीतले वाल?"

"तुह्या मायनंबी उकळले होते. पन तिचं काम कच्चं. दाने पार सुरकुतले होते. तू ओटी सोडली तवाच मी पाहून ओळखलं."

"ओळखलं होतं? मंग माहा हात जड म्हनून काऊन सांगतलं गावाले?"

"मलेबी सांगतलंच होतं," बुढी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. "सासू मेली तवा माहा हात हलका झाला."

शामकला उंबऱ्यावर बसली.  सव्वीस वर्षं. सव्वीस रोवणे पेंढ्या वाहून काढले. तिच्या हातात काही नव्हतं, आणि ते या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बुढीचं तिला तेवढं लागलं नाही. सासू ती सासूच. तिला लागलं ते माहेरचं. तिची माय नऊ वर्षांपूर्वी गेली. साधी, मऊ बाई, पोरीला निरोप देताना इतकी रडली होती की ओटी भरताना दोन वेळा वाल खाली सांडले. नंतर शामकला दर राखीला माहेरी जायची. माय सगळं विचारायची, गाईचं, विहिरीचं, सासूच्या गुडघ्यांचं. धुऱ्यावर वाल उगवले का, हे मायनं कधीच, एकदाही विचारलं नव्हतं. शामकलाला त्याचं नेहमी बरं वाटायचं. माय आपलं मन राखते, असं वाटायचं.

तिला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर ओरडणार? मेलेल्या बाईवर?

वाल मात्र शिजले होते आणि बांधीत अकरा बाया भुकेल्या होत्या. तिनं उठून कांदा-लसणाची फोडणी घातली, तिखट टाकलं, भाताची टोपली डोक्यावर घेतली. रेणू सकाळपासूनच बायांसोबत बांधीत पेंढ्या देत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाया धुऱ्यावर बसून, चिखलाचे हात डबक्यात धुऊन, पचापचा जेवल्या.

"लोन्यावानी शिजले व शामकला," एक म्हणाली. "कुठचे हायेत?"

"घरचेच," शामकला म्हणाली.

रेणूही जेवली. दोनदा रस्सा मागून घेतला. शामकलाला तिच्या तोंडाकडं बघवेना. आता सांगावं, असं दहा वेळा मनात आलं. पण कसं सांगायचं? तुझ्या आजीनं तुझं बियाणं मारलं आणि पाणी मी तापवून दिलं, असं?  आधी जिवंत बियाणं पोरीच्या हातात देऊ, मग सांगू, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे टाळलं.

संध्याकाळी तिनं पाटावर चढून मयालीचा तुंबा काढला. बुढी खाटेवर ताठ झाली.

"ठेव तो."

शामकलानं तुंब्याच्या तोंडाचं शेण विळ्यानं खरडलं आणि तुंबा सुपात उपडा केला. राख उडाली. राखेतून काळे वाल निघाले, तीन-चार मुठी. तिनं ते पाखडले, पुसले. बुढीच्या गालातली सुपारी पहिल्यांदा थांबली होती.

"जित्ते देऊन राहिली तू?" बुढी म्हणाली. "कोनतीच माय नाई देत."

"मी देतो."

नवरा, ईश्वरदास, शेतावरून आला तेव्हा सुपाभोवती राख पाहून काय चाललंय म्हणाला. शामकलानं दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि बायांच्या गोष्टीत मला ओढू नका म्हणून हातपाय धुवायला विहिरीवर निघून गेला. नवऱ्यानं धक्का बसून तरी दाखवायला हवा होता, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं रेणूला घेऊन गाडी धरली. रेणू येईना. "एकदा चाल," शामकला म्हणाली, "मी सासूसोबत बोलतो. मंग तुले राहाचं नसन तं मीच वापस आनतो." देवरीला उतरून दुसरी गाडी, आमगावावरून सालेकसा, तिथून ऑटो. वाटभर पाऊस. वालाची पुरचुंडी शामकलानं पोलक्यात, छातीशी धरली होती, ओल लागू नये म्हणून. दोघी मायलेकी वाटेत फारसं बोलल्या नाहीत.

ओमेश्वरीबाई पडवीत बसून कोचईच्या, अळूच्या, पानांच्या शिरा काढत होती. वड्या करायच्या होत्या. आत चुलीवर भाताचं आंधण ठेवलेलं, त्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. वीरेंद्र शेतावर. तिनं इहीणबाईला बसायला चटई टाकली, रेणूला पाणी आणायला सांगितलं. तोंडावर नाराजी नव्हती, आनंदही नव्हता.

शामकलानं पाण्याचीही वाट पाहिली नाही. तिनं एका दमात सगळं सांगितलं. वाल अर्ध्या तासात कसे शिजले, साली कशा तरंगल्या, बुढी काय म्हणाली. "माह्या पोरीचा काईच दोष नाई, इहीनबाई. बियानं मारून देल्लं होतं. तुमी तिले पऱ्ह्याले हात लावू द्या."

ओमेश्वरीनं एका पानाची शीर शेवटपर्यंत काढली, पान ताटावर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली.

शामकलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"काय ठाऊक हाये?"

"पहिल्या वर्सी कोनत्याच सुनेचं नाई उगवत. माहंबी नव्हतं. मीबी माह्या पोरीले तसेच देल्ले. यात बोलाचं काय हाये?"

"मंग रेनूले मेलेलं बियानं काऊन म्हनलं? वासरावरून काऊन बोलले?"

"मले नव्हते बोलले का?" ओमेश्वरी म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

शामकला तिच्याकडं पाहत राहिली. काल घरात बसला होता त्याहून मोठा धक्का होता हा. काल वाटलं होतं, एक बुढी वाईट आहे. मग वाटलं, माय वाईट होती. आता समोर बसलेली ही बाई, पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घालणारी, वड्या करणारी, तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्या ज्या घरी सून आली, त्या त्या घरी ठाऊक होतं. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धुऱ्यावर एक पोरगी वाकून माती उकरून पाहत होती, दाणा निंगाला का.

दारात रेणू उभी होती. तिच्या हातातला पाण्याचा लोटा तिरपा झाला होता आणि पाणी तिच्याच पायावर सांडत होतं.

"आजीनं?" ती म्हणाली.

"हो, बाई."

"उकळतं पानी मधल्या खोलीत कोनं नेऊन देल्लं होतं? मी पाह्यलं होतं, आई. लग्नाच्या आदल्या दिवसी. तूच नेलं होतं."

"मीच नेलं होतं. पन मले ठाऊक नव्हतं, रेनू. तुही शपथ."

"सगळ्याच माया असंच म्हनतेत," ओमेश्वरी पानाकडं पाहत म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती आपली सहज बोलली.

"तीन दिवस होती मी घरी," रेणू म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते वाल मले खाऊ घातले. मी दोनदा मागून घेतले. तवा काऊन नाई सांगतलं?"

  शामकलानं घाईनं पोलक्यातून पुरचुंडी काढली. "हे पाह्य, हे जित्ते हायेत. मी तुंबा खोलून आनले. तूच पेर, तुह्या हातानं. पोळ्याच्या आत निंगतीन."

रेणूनं पुरचुंडीकडं पाहिलं, मग आईकडं. आईकडं तिनं आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. बाजारात तोललेल्या मालाकडं पाहावं तसं पाहिलं.

"हेबी तसेच असतीन," ती म्हणाली. पुरचुंडी तिनं ओढून घेतली, ओढताना गाठ सैल होऊन चार-पाच दाणे पडवीत सांडले, आणि ती आत गेली.

शामकलाला वाटलं, पोर आत जाऊन रडेल. रडू दे, असं वाटलं. तिनं तोंडाला पदर लावला.

ओमेश्वरीनं पायाशी घरंगळत आलेला एक दाणा उचलला. आधी सहज उचलला, मग डोळ्यांजवळ नेला. नखानं पांढऱ्या कडेवर टोकरलं, उकळलेल्या दाण्याची सुटते तशी साल सुटली नाही. दाढेखाली धरून चावला. दाणा फुटला नाही, दातालाच कळ लागली. तिनं तो पुन्हा हातात घेतला, आणि कोचईचं पान तिच्या मांडीवरून खाली पडलं.

"इहीनबाई," ती म्हणाली, "हे तं खरंच जित्ते हायेत."

"हो."

"तुमी जित्तं बियानं आनलं? पोरीसाठी?"

"हो म्हनतो ना."

ओमेश्वरीचं तोंड उघडं राहिलं. चाळीस वर्षांत असं कोणी केलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, काय ते शामकलाला कळलं नाही, कारण त्याच क्षणी आतून आंधणावरचं झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला. ओमेश्वरी गुडघ्यावर हात न ठेवता उठली.

"रेनू! अवो रेनू, थांब! बियानं हाये ते!"

दोघी धावल्या. ओमेश्वरी पुढं, शामकला मागं. रेणू चुलीपुढं उभी होती. हातातलं फडकं रिकामं होतं. आंधणात काळे दाणे खालवर होत होते.

"आता कळन," ती मागं न वळता म्हणाली. "अर्ध्या तासात शिजले तं माह्या मायले ठाऊक होतं. नाई शिजले तं नव्हतं."

ओमेश्वरीनं उघड्या हातांनी गंज धरला, चटका बसला तसा सोडला, पदर गुंडाळून पुन्हा धरला आणि खाली ओढला. अर्धं पाणी चुलीत सांडलं, राखेची वाफ घरभर झाली. दाणे जमिनीवर पसरले. ती खाली बसून ते फुंकरीनं गार करू लागली, ओंजळीत घेऊन फुंकू लागली. जसं काही त्यानं होणार होतं. तिघींनाही ठाऊक होतं, पाच वेळा रामाचं नाव घेण्याइतका वेळ केव्हाच होऊन गेला होता.

शामकला दाराची चौकट धरून उभी होती. तिला पुढंही जाववेना, मागंही.

रेणूनं वाकून एक दाणा उचलला. गरम होता, तरी तिनं तो अंगठ्याखाली धरून दाबला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबला. सालसुद्धा सरकली नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग ती वळली, आणि पाच वर्षांची असताना काही फुटलं की बघायची तशी आईकडं बघायला लागली.

"दबत नाई, आई," ती म्हणाली. "दबतच नाई."